घोडा कोणाचा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांच्यापाशी मी भूगोल शिकलो; आणि तो त्यांनी भिंतीवरच्या नकाशापेक्षा गावात येणाऱ्या पत्रांवरूनच अधिक शिकविला. आमच्या बाजूला, सातारा जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात, घरटी एक माणूस पलटणीत असे, आणि त्याचे पत्र आले म्हणजे ते वाचून घेण्यासाठी त्याची आई, क्वचित बायको, पदर सावरीत शाळेच्या ओसरीवर येऊन बसे. पत्रावर ठिकाण कधीच नसे. ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढाच काय तो पत्ता. मग मजकुरात बर्फाचा आणि अक्रोडांचा उल्लेख आला की गुरुजी आम्हांस काश्मीर काढावयास लावीत, जळवांचा आला की आसामच्या पलीकडची सरहद्द, आणि नुसत्या वाळूचा आला की बिकानेर. आणि आपला मुलगा त्या खडूच्या रेघेच्या नेमका कोणत्या बाजूस आहे असे ती माउली विचारी, तेव्हा गुरुजी न चुकता ‘अलीकडच्या’ असे सांगत.

त्यांच्या नावाच्या या व्याख्यानासाठी मी जो विषय घेतला आहे तो रणभूमीचा नव्हे. रणभूमीच्या पुष्कळ अलीकडे असलेल्या दाराचा आहे. फौजेत माणूस शिरतो कसा, त्याला आत कोण घेते, आणि आत येताना त्याने स्वतःचे म्हणून काय घेऊन यावे अशी अपेक्षा असते, हा तो विषय. या बाबतीत माझा अधिकार एवढाच की त्या दारातून मी एकदा परत आलो आहे. अठराव्या वर्षी तालुक्याच्या मैदानावर भरती आली असता मीही रांगेत उभा राहिलो होतो. धावण्यात निभावलो, पण छाती मोजणाऱ्या हवालदाराने ती फुगवावयास सांगितली आणि मी सर्व सामर्थ्य एकवटून ती फुगविली तेव्हा त्याच्या टेपाला त्या दोन अवस्थांमध्ये विशेष फरक आढळला नाही. ‘मास्तर हो,’ असे तो हसून म्हणाला, आणि पुढे मी झालोही तसाच. मोजमापे आज सेंटिमीटरांत होतात, साधारणपणे ७७ आणि फुगवून आणखी ५. परंतु नामंजूर झालेल्या मुलाने सदरा घालीत मैदानाच्या कडेने परत येण्याची जी एक चाल असते ती मात्र बदललेली नाही.

आपल्या भाषेत या विषयाचे सर्वांत मार्मिक विवेचन दोन शब्दांत करून ठेवलेले आहे, आणि ते शब्द म्हणजे शिलेदार आणि बारगीर. शिलेदार तो, जो आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येतो. बारगीर तो, ज्याच्या मांडीखालचा घोडा सरकारच्या पागेतला असतो. भेद वरकरणी घोड्याचा दिसतो; वस्तुतः तो जोखमीचा आहे. शिलेदाराचा घोडा मोहिमेत पडला तर त्याचे भांडवल पडले, आणि पुढच्या दसऱ्याला तो स्वार राहील की प्यादा होईल हे सावकाराच्या मर्जीवर गेले. म्हणून ऐन हल्ल्याच्या वेळी त्याचा एक डोळा शत्रूवर आणि एक घोड्याच्या गुडघ्यांवर असला तर त्याला भ्याड म्हणवत नाही. बारगिराचा घोडा पडला तर पागेत दुसरा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेत दोन्ही प्रकारचे स्वार असत, पण भर पागेवर होता, आणि सभासदाच्या बखरीत त्या पागेची उतरंड दिली आहे : २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी. नवा माणूस ठेवताना जुन्यांपैकी कोणी तरी त्याला जामीन राहावे लागे. ज्याच्यापाशी घोडा नाही त्यालाही ओळखणारा एक माणूस असतोच. राज्याने घोड्याऐवजी ती ओळख मागितली, आणि मावळातल्या कफल्लक पोरांना फौजेचे दार उघडले. उत्तर काळात पागा दुबळी होत गेली, सरंजामदार आपापले शिलेदार घेऊन येऊ लागले, आणि मग फौज कोणाची या प्रश्नाचे उत्तर घोडा कोणाचा यावरून ठरू लागले. त्या दुःखद प्रकरणात मी आज शिरत नाही.

मौज अशी की हा शिलेदार इंग्रजांनी उचलला. पेशव्यांशी १८१७त झालेल्या तहान्वये पुण्याचा जो रिसाला उभा राहिला, ज्याला पुढे पूना हॉर्स हे नाव मिळाले, तो आणि तसले इतर अनेक रिसाले ‘सिलादार’ पद्धतीवर चालत. म्हणजे भरती होणाऱ्या स्वाराने घोडा तरी आणावा, नाही तर त्याच्या किमतीची रक्कम पलटणीत अनामत भरावी, आणि चाकरी सुटली की ती परत घ्यावी. त्या जागेला ‘असामी’ असे म्हणत, आणि ती म्हणजे एक प्रकारची मिरासच असे. सरकारला रिसाला स्वस्तात पडे. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र स्वार होण्याआधी थोडा सावकार व्हावे लागे. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या झपाट्याने मेले की अनामतींचा हिशेबच कोसळला, आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

परंतु त्याआधीच दारावर दुसराच एक पहारेकरी येऊन बसला होता, आणि तो घोडा मागत नव्हता, जात मागत होता. १८५७नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, लढवय्या जातींचे एक शास्त्र तयार झाले. शास्त्र म्हणण्याचे कारण एवढेच की ते इंग्रजीत लिहिलेले होते. मुंबईच्या फौजेत पिढ्यानपिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. फौजेतून पेन्शनीत निघालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०त विलायतेपर्यंत विनंतीअर्ज धाडला. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात महूच्या छावणीत १८९१त जन्मलेल्या मुलाने मोठेपणी या बंद दाराचा मुद्दा कधी सोडला नाही, यात आश्चर्य नाही. फौजेच्या चाकरीने घरात अक्षरओळख येते, पेन्शन येते, आणि माणूस ताठ चालू लागतो, हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. १९१७त १११ महार ही पलटण उभी राहिली ती युद्धाला माणसे अपुरी पडली म्हणून, आणि युद्ध आटोपल्यावर १९२१त मोडली ती माणसे पुरी झाली म्हणून. पुन्हा युद्ध आले तेव्हा, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी महूचा तो मुलगा, म्हणजेच डॉ. आंबेडकर, व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते. गरजेच्या वेळी उघडायचे आणि गरज सरताच लावून घ्यायचे, अशा दाराला दार म्हणावे की धरणाचा दरवाजा म्हणावे, असा प्रश्न मला पडतो.

जे आत होते त्यांनाही वरचा मजला बंदच होता. हिंदी माणसाने तीस वर्षे चाकरी करून सुभेदार-मेजर व्हावे, आणि विशीतल्या, मिसरूडही नीट न फुटलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटला सलाम करावा, असा शिरस्ता होता. १९१७त बादशाही कमिशन हिंदी तरुणांस खुले झाले, आणि सँडहर्स्टला वर्षाकाठी १० जागा मिळाल्या. १० जागा, समुद्रापलीकडची शाळा, आणि विलायती खर्च : येथे शिलेदारी पुन्हा अवतरली. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि १९४५त ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत ज्यांनी पराक्रम गाजविला, ते या वाटेने जाऊन १९२६त अधिकारी झाले. त्यांची योग्यता निर्विवाद आहे, पण तितक्याच योग्यतेचे किती जण बोटीच्या तिकिटापाशीच अडले असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. गोलमेज परिषदेत हिंदी अधिकाऱ्यांचा प्रश्न लावून धरणाऱ्यांत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते, आणि त्यांनीच १९३७त नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली. मुंज्यांच्या राजकारणाविषयी या सभागृहात मतभेद असणार, माझेही आहेत. परंतु लष्करी अधिकारी हा जन्मत नसून शाळेत घडतो हे त्यांनी ओळखले, आणि ते लढवय्या जातींच्या शास्त्रास दिलेले सडेतोड उत्तर होते. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२त ४० छात्रांनिशी उघडली. त्या पहिल्या तुकडीत माणेकशॉ होते, हे सर्वांस ठाऊक असते. शिपायांच्या रांगेतून निवडलेल्या तरुणांसाठीही तेथे जागा होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. शिपायांना त्या जागांसाठी तयार करण्याकरिता नौगावला किचनेर कॉलेज होते. तेच पुढे रूप बदलून आर्मी कॅडेट कॉलेज झाले, १९६०पासून काही वर्षे आपल्या पुण्यात होते, आणि १९७७त डेहराडूनला गेले. आजही दोन वर्षे चाकरी झालेला बारावी उत्तीर्ण जवान परीक्षा आणि मुलाखत देऊन तेथे जाऊ शकतो. तीन वर्षे तेथे आणि एक वर्ष अकादमीत काढली की ज्या पलटणीत तो बूट घासत होता तसल्याच पलटणीत अधिकारी म्हणून उभा राहतो.

या वाटेविषयी मला विशेष ममत्व आहे, आणि त्याचे कारण रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गावचा हा तरुण जुलै १९४०त बॉम्बे सॅपर्समध्ये साधा सॅपर म्हणून दाखल झाला. त्याच्यापाशी सँडहर्स्ट नव्हते, डेहराडून नव्हते. खडकीच्या कवायतीचे मैदान होते आणि ब्रह्मदेशाची मोहीम होती. पायरी पायरी चढत तो वर आला आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला. चार महिन्यांनी, एप्रिल १९४८त, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात, पहिल्याच दिवशी जखमी होऊनही, त्याने सुरुंग काढले, पाडलेली झाडे आणि दगडांचे अडथळे उडविले, आणि रणगाड्यांना वाट करून दिली. हयात असताना परमवीरचक्र मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी तो एक. सात वर्षे हाताने माती उकरलेला अधिकारी त्या रस्त्यावर होता, म्हणून तो रस्ता उघडला, असे मी म्हटले तर लष्करी शास्त्राचे जाणकार मला क्षमा करोत.

स्वातंत्र्यानंतर पागेचे तत्त्व अधिकाऱ्यांच्या बाबतीतही आले, आणि त्याचे मूर्त स्वरूप आपल्या दारात, खडकवासल्याच्या जलाशयाकाठी, उभे आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसली आणि रीतसर उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्ततेसाठी हिंदी सैनिकांनी जे रक्त सांडले त्याच्या स्मरणार्थ सुदान सरकारने दिलेली देणगी तिच्या उभारणीस लागली, आणि म्हणून तेथल्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. साडेसोळा ते साडेएकोणीस वयाचा मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तेथे शिरतो. गणिताचे ३०० गुण, सामान्य क्षमतेचे ६००, आणि तितकेच, म्हणजे ९०० गुण, निवड मंडळाच्या हातात. शिक्षण, अन्न, वस्त्र, घोडासुद्धा, अक्षरशः घोडा, सरकारचा. १९६१त साताऱ्यास देशातली पहिली सैनिक शाळा निघाली आणि १९७७पासून औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था चालते, ती याच दाराची पायरी म्हणून. बाकीच्या वाटा मी केवळ नावाने सांगतो, कारण त्यांचे नियम दरसाल बदलतात आणि ते जाहिरातीतच वाचावेत : पदवीधरांसाठी सीडीएस परीक्षा, बारावीला गणित-भौतिक घेतलेल्यांसाठी तांत्रिक प्रवेश, राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना लेखी परीक्षेची माफी, डॉक्टरांसाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय.

निवड मंडळापाशी मात्र थांबले पाहिजे. या पाच दिवसांच्या परीक्षेइतकी विलक्षण परीक्षा आपल्या देशात दुसरी नाही. दुसऱ्या महायुद्धात, घराणे आणि शाळा पाहून अधिकारी निवडण्याची जुनी रीत अपुरी पडू लागली तेव्हा, ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने तिचा जन्म झाला, आणि १९४३च्या सुमारास ती आपल्याकडे आली. पहिल्या दिवशीच मुलाचे नाव काढून घेतात आणि छातीवर क्रमांक बांधतात. वडील कोण, आडनाव काय, हे त्या क्रमांकाखाली झाकले जाते. मग चित्रे दाखवून गोष्टी लिहावयास लावतात. बारा चित्रे, आणि त्यांतले शेवटचे चित्र कोरे. मग ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहावयास १५ सेकंद. मैदानावर एक फट्टा, एक बल्ली, एक रस्सी देऊन आठ-दहा मुलांना सांगतात की लाल रंगाला स्पर्श न करता पलीकडे जा; आणि जीटीओ नावाचा अधिकारी एका बाजूस उभा राहून पलीकडे कोण पोचला हे पाहत नाही, फळी घसरली तेव्हा दुसऱ्याचा हात कोणी धरला हे पाहतो. मानसशास्त्रज्ञ, जीटीओ आणि मुलाखत घेणारा हे तिघे मुलाला आपापल्या बाजूने पाहतात, आणि पाचव्या दिवशी एका टेबलाशी बसून आपले निर्णय ताडून पाहतात. त्या खोलीतून निघालेली बहुसंख्य मुले त्याच दुपारी स्टेशनची वाट धरतात.

कल्पना उदात्त आहे : घोडा कोणीही आणायचा नाही, सर्वांनी रिकाम्या हातांनी यायचे. पण माणसे अशी की रिकाम्या हातांचेही शिकवणीवर्ग निघाले. माझ्या एका विद्यार्थ्याने मला आपली सरावाची वही दाखविली. तीत बाराही चित्रांचा नायक एक तरुण अभियंता होता, तो बाराही वेळा गावाला पाणी आणीत होता, आणि कोऱ्या कागदावरही त्याने पाणीच आणले होते. या मुलाने दोन वर्षे वडिलांच्या आजारपणात रात्री मोटर लावून उसाला पाणी दिले होते. ते का लिहीत नाहीस, असे विचारता तो म्हणाला, ‘सर, ते खरं आहे, त्याचे मार्क मिळत नाहीत.’ आणि दुसरा घोडा इंग्रजीचा. त्या ६०० गुणांतले २०० नुसत्या इंग्रजीचे, प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत, गटचर्चेत जो मुलगा आपल्या भाषेत दहा जणांना कामाला लावतो तोच तेथे पहिले वाक्य जुळवीत बसतो, आणि ते जुळते तेव्हा चर्चा पुढे गेलेली असते. फौजेला एक सामाईक भाषा लागते हे मी अमान्य करीत नाही. परंतु ती आत आल्यावर वर्षभरात शिकविता येण्याजोगी गोष्ट आहे, आणि फळी घसरताना हात धरणे ही नाही. शिकविता येण्याजोग्या वस्तूसाठी दारातच अनामत मागणे, ही असामी नव्हे तर काय?

मुलींच्या बाबतीत तर कित्येक वर्षे दारच नव्हते, खिडकी होती. १९९२पासून अल्पमुदतीच्या नेमणुका मिळू लागल्या. कायम कमिशनासाठी २०२०त सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. खडकवासल्याचे दार न्यायालयाच्याच हुकमाने उघडले, आणि २०२२त शिरलेल्या मुलींपैकी १७ जणी ३० मे २०२५ रोजी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर पडल्या.

आता शेवटचे दार, ज्यापाशी आज सर्वाधिक गर्दी आहे. जून २०२२पासून शिपायाची भरती अग्निपथ योजनेने होते : साडेसतरा ते एकवीस वयाचा तरुण चार वर्षांसाठी घेतला जातो, आता आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान, आणि चार वर्षांअखेर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर पुढच्या चाकरीसाठी ठेवून घेतले जातात; बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन मिळत नाही. फौज तरुण राहावी हा हेतू योग्य आहे, आणि पेन्शनीचा बोजा हाही खोटा नाही. पण आमच्या बाजूच्या खेड्यांनी फौजेकडे कधी पगारासाठी पाहिलेच नाही, ती पेन्शनीसाठी पाहत आली. अपशिंगे गाव, ज्याच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ हा शब्द आदराने लावतात आणि जिथली ४६ माणसे पहिल्या महायुद्धात कामी आली, तिथे घराचा दुसरा मजला, बहिणीचे लग्न, भावाचे शिक्षण ही सारी पेन्शनीच्या पुस्तकावर उभी आहेत. हा नवा सैनिक म्हणजे बारगीरच; मात्र चौथ्या दसऱ्याला त्याच्याखालचा घोडा काढून घेतला जाणार, हे दोघांनाही ठाऊक आहे, त्याला आणि घोड्यालाही. त्याचा परिणाम पहाटे दिसतो. पूर्वी आमच्या रस्त्याने धावणारी मुले एकाच गोष्टीसाठी धावत. आता धावता धावता ती पोलीस भरतीचीही तारीख विचारतात.

लष्करातल्या पहिल्या अग्निवीरांचे शिक्षण १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाले. त्यांपैकी एकाचे वडील मागच्या महिन्यात माझ्याकडे आले होते. त्यांच्याही वडिलांची पत्रे गुरुजींनी वाचलेली. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माजी सैनिकांच्या नावांचा एक संगमरवरी फळा आहे, हुद्दा आणि पलटण यांसह. तो १९७१च्या युद्धानंतर लावला आणि तेव्हापासून त्यात नावे कोरली जात आली. चार वर्षे करून येणाऱ्याला नियमाने माजी सैनिक म्हणत नाहीत, हे त्यांनी कुठे तरी ऐकले होते, आणि ते खरे की खोटे एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मी म्हटले, खरे आहे. ते थोडा वेळ बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले की फळ्यावर खाली अजून तीन ओळींची जागा आहे, आणि कोरणारा तर गावातलाच आहे.